तालुक्याच्या गावातील रस्ते-अपघात : बदलते स्वरूप व प्रतिबंध

प्रास्ताविक

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्च, शस्त्रक्रियांचा तपशील व देणगीदारांची नामावली यांच्यासमवेत एखाद्या आरोग्यप्रश्नाचा अभ्यासपूर्ण परामर्श घेण्याची आपली प्रथा आहे. यंदा आम्ही रस्ते-अपघात हा विषय निवडला आहे. अपघाताला रोग म्हणावे काय, अशी शंका काही हितचिंतकांनी व्यक्त केली. आमचे उत्तर होकारार्थी आहे. ज्या घटनेला कोण बळी पडेल, ती कोणत्या वेळी व कोणत्या जागी घडेल, हे बऱ्याच अंशी आधी सांगता येते, तिला केवळ दैवगती म्हणता येत नाही. साथीच्या रोगाप्रमाणे तिचीही कारणे शोधता येतात आणि तिला आळा घालता येतो.

अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञ विल्यम हॅडन यांनी १९७० च्या सुमारास अपघाताच्या अभ्यासाची एक सोपी रीत घालून दिली. अपघातापूर्वी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर असे तीन टप्पे करावेत आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस, वाहन व परिसर यांचा वेगवेगळा विचार करावा, असे त्यांचे सांगणे होते. प्रस्तुत लेखाची मांडणी साधारणपणे याच क्रमाने केली आहे.

देशाचे व राज्याचे चित्र

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार सन २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. म्हणजे दर तासाला सरासरी १९ मृत्यू झाले. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू महाराष्ट्रातील होते. उत्तर प्रदेश व तामिळनाडू यांच्या खालोखाल आपल्या राज्याचा क्रमांक लागला. सन २०२३ मध्ये देशातील मृतांची संख्या १ लाख ७२ हजारांच्या वर गेली.

या आकड्यांची सन २००५ शी तुलना उद्बोधक आहे. त्या वर्षी ४,३९,२५५ अपघात व ९४,९६८ मृत्यू नोंदविले गेले होते. अपघातांची संख्या जवळपास तेवढीच राहिली, मृत्यू मात्र पावणेदोन पट झाले. त्या वेळी दर १०० अपघातांमागे सुमारे २२ जण दगावत. २०२२ मध्ये हे प्रमाण ३६ च्या पुढे गेले. किरकोळ अपघात नोंदविले न जाणे हे याचे एक कारण असू शकेल. तथापि वाढलेला वेग हे कारण नजरेआड करता येत नाही.

मृतांमध्ये ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होते व १९ टक्क्यांहून अधिक पादचारी होते. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार व सहप्रवासी त्या एका वर्षात मरण पावले. सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर झाले. घाट, धुके व अवघड वळण यांनाच बोल लावण्याची आपली सवय या आकडेवारीपुढे टिकत नाही.

आमच्या परिसरातील बदल

आमचे रुग्णालय सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांच्या ऊस पट्ट्यात काम करते. पुणे-बंगळूर रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जाई. आज तो क्रमांक ४८ आहे. सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला आणि पाठोपाठ तालुक्यांना जोडणारे रस्तेही सुधारले. बाजार, शाळा, साखर कारखाना व दूध संघ जवळ आले. या सोयीविषयी आमची तक्रार नाही. पूर्वी खड्डेच वेगाला लगाम घालीत. खड्डे गेले, परंतु एका गावातून दुसऱ्या गावात जाताना रस्ता ओलांडण्याच्या व वाहन हाकण्याच्या रीती जुन्याच राहिल्या. पलीकडच्या शेतात जाण्यासाठी दुभाजकात वाट पाडली जाते. अर्ध्या किलोमीटरचा वळसा चुकविण्यासाठी दुचाकी उलट दिशेने हाकली जाते. ताशी २० किलोमीटरच्या रस्त्यावर जे खपून जात असे, ते ताशी ८० च्या रस्त्यावर जिवावर बेतते.

अपघात विभागात येणाऱ्या रुग्णांमध्ये काही प्रकार आम्हांस वारंवार आढळतात.

पहिला प्रकार गाळप हंगामातील. साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाने भरलेल्या ट्रॉल्या व बैलगाड्या अहोरात्र रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. मागचा दिवा असलाच तर बाहेर लोंबणाऱ्या उसाने झाकला जातो. चाक पंक्चर झाले की ट्रॉली रस्त्यातच उभी केली जाते आणि खुणेसाठी दोन दगड ठेवले जातात. अंधारात येणारा दुचाकीस्वार तिच्यावर मागून आदळतो. देशभरातही मागून धडक हा अपघाताचा सर्वांत मोठा प्रकार असून, सायंकाळी ६ ते ९ हा सर्वाधिक अपघातांचा काळ आहे. बैलगाडीला मागून धडक बसली तर तोडणी कामगाराचे कुटुंब व बैलजोडी या दोहोंवर घाला येतो.

दुसरा प्रकार गतिरोधकावरून पडण्याचा. दुचाकीवर मागे एका बाजूस पाय सोडून बसलेली स्त्री, बहुधा मांडीवर मूल घेतलेली, न रंगविलेल्या उंच गतिरोधकावर मागच्या मागे फेकली जाते व डोक्याचा मागील भाग आपटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच, गोलाकार चढाचा असावा, जेणेकरून वाहन ताशी २५ किलोमीटरने सुखरूप ओलांडून जाईल. आमच्याकडील कित्येक गतिरोधक एखाद्या अपघातानंतर ग्रामस्थांनी रातोरात घातलेले उंचवटे असतात. त्यांमागील हेतू चांगला असला तरी ते स्वतःच अपघाताचे कारण ठरतात. पदर किंवा ओढणी मागच्या चाकात अडकूनही अशाच गंभीर दुखापती होतात. त्यासाठी नियमानुसार बसविलेली जाळी अनेकजण हौसेने काढून टाकतात.

तिसरा प्रकार अल्पवयीन चालकांचा. शिकवणीला जाण्यासाठी मुलाच्या हाती दुचाकी देण्यात पालकांना वावगे वाटत नाही. सन २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्यानुसार अशा अपराधाबद्दल पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, याची कल्पना फार थोड्यांना आहे.

वेगाचे साधे गणित

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ताशी ६० ने सुमारे १७ मीटर. अडथळा दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एवढाच काळ जातो. त्यानंतर वाहन थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक उत्तम असताना, ताशी ४० चे वाहन एकूण सुमारे २० मीटरमध्ये थांबते, तर ताशी ६० च्या वाहनास ३६-३७ मीटर लागतात. वेग दीडपट झाला की अंतर जवळजवळ दुप्पट होते. उभी ट्रॉली २५ मीटरवर दिसली, तर पहिला स्वार थांबतो, दुसरा आदळतो.

ताशी ४० ने डोके आपटणे म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवरून पडण्यासारखे आहे. ‘गावातल्या गावात जायचे, हेल्मेट कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. सन २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. हे फळ हनुवटीखालील पट्टा नीट बांधला तरच मिळते.

एक प्रसंग

दूध संकलनाचे काम करणारे तिशीतील एक गृहस्थ एका संध्याकाळी घराकडे परतत असता उभ्या ट्रॉलीवर आदळले. ते शुद्धीवर होते. घरी कळवा, असे त्यांनी स्वतः सांगितले. भोवती बरीच माणसे जमली, परंतु पोलीस येईपर्यंत हात लावावा की नाही, यावर वाद होत राहिला. अखेरीस वडाप जीपच्या एका चालकाने त्यांना गाडीत घेतले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्यांचे बोलणे असंबद्ध झाले होते आणि एका डोळ्याची बाहुली विस्फारली होती. मेंदूच्या आवरणाबाहेर साचलेल्या रक्ताचे हे लक्षण होते. आमच्याकडून शक्य ते उपचार करून त्यांना मोठ्या शहरातील रुग्णालयात हलविले, परंतु ते वाचले नाहीत. हेल्मेट घरी खुंटीला होते, असे त्यांच्या वडिलांनी नंतर सांगितले. तो जीपचालक मात्र पहाटेपर्यंत बाकावर बसून होता. ‘मला आता ठाण्यात बोलावतील का?’ एवढेच त्याने आम्हांस विचारले.

अपघातानंतरचा पहिला तास

या प्रसंगातून दोन धडे मिळतात. पहिला वैद्यकीय. डोक्याला मार बसलेला रुग्ण सुरुवातीस बोलता-चालता असू शकतो आणि काही तासांनी बेशुद्ध होऊ शकतो. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, झटका येणे अथवा कानानाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच रुग्णास सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ‘झोपू द्या, सकाळी पाहू’ हा सल्ला घातक ठरतो.

रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. रुग्णास पाणी किंवा चहा पाजू नये. मान वळू न देता, डोके व धड एका रेषेत ठेवून, तीन-चार जणांनी मिळून उचलावे. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे. गंभीर रक्तस्रावात ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे स्वस्त औषध तीन तासांच्या आत दिल्यास जीव वाचण्याची शक्यता वाढते, हे ४० देशांतील २० हजारांहून अधिक रुग्णांवरील अभ्यासाच्या २०१० व २०११ मधील निष्कर्षांतून दिसून आले. तीन तास उलटल्यावर हा लाभ राहत नाही, उलट अपाय संभवतो. वेळेचे महत्त्व यावरून ध्यानी यावे.

दुसरा धडा कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच, परमानंद कटारा खटल्यात, जीव वाचविणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार त्याआड येऊ नयेत, असा निर्णय दिला. २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने बंधनकारक केली आणि २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही व आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्र शासनाच्या योजनेत अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोकडरहित उपचारांची तरतूद आहे. त्या जीपचालकास हे सारे आम्ही रुग्णालयाच्या बाकावर बसून सांगितले. ते त्याला आधी ठाऊक असावयास हवे होते, आणि रस्त्यावर जमलेल्या इतरांनाही.

आमची त्रुटी व संकल्प

या अभ्यासात आम्हांस आमच्याच कामातील एक उणीव आढळली. अपघात विभागाच्या नोंदवहीत दुखापतीचे वर्णन तपशिलाने असे. परंतु अपघात नेमका कोठे झाला, हेल्मेट होते काय, रुग्णास कोणी व किती वेळाने आणले, यांची नोंद क्वचितच होत असे. जागेची नोंद नसेल तर धोक्याचे ठिकाण ओळखायचे कसे? यापुढे या बाबी प्रत्येक रुग्णाबाबत नोंदविल्या जातील व त्यांचा गोषवारा दर तीन महिन्यांनी पोलीस ठाणे, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि नगरपरिषद यांना सादर केला जाईल. वडाप व रिक्षाचालक, एस. टी. कर्मचारी आणि धाबेवाले हेच अपघातस्थळी प्रथम पोहोचतात. त्यांच्यासाठी प्रथमोपचाराचे वर्ग घेण्याचे योजिले आहे.

कारखान्यांनी हंगामापूर्वी प्रत्येक ट्रॉलीस व बैलगाडीस लाल परावर्तक पट्टी लावावी आणि तिच्याशिवाय वाहन वजनकाट्यावर घेऊ नये, अशी आमची विनंती आहे. ग्रामपंचायतींनी गतिरोधक शास्त्रोक्त मापाचे करून घ्यावेत व ते पांढऱ्या रंगाने रंगवावेत. दुचाकीवर जितकी माणसे, तितकी हेल्मेटे असावीत. सहप्रवासी स्त्रीसही ते हवेच.

समारोप

वाढदिवस किंवा पुण्यस्मरणानिमित्त आपण रुग्णालयात फळवाटप करता, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा त्याच रकमेतून काही बैलगाड्यांना परावर्तक पट्ट्या लावून द्याव्यात, अथवा एखाद्या गरजू दुचाकीस्वारास आय. एस. आय. चिन्हांकित हेल्मेट द्यावे, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. आमच्या अपघात विभागातील खाटा रिकाम्या राहिल्या, तर पुढील अहवालात ती गोष्ट आम्ही आनंदाने नमूद करू.