अल्पमुदतीचे प्रशिक्षण : अनुदान कसे कामी आणावे?



ऑक्टोबर १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयना निवेदन दिले. त्यात आपल्या मुलांना सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत तांत्रिक शिक्षण मिळावे, अशी मागणी होती. भगवान बुद्धांनीही मंगलसुत्तात हातातल्या शिल्पाला उत्तम मंगल म्हटले आहे. कसब शिकणे हा सम्यक आजीविकेचाच भाग आहे.

आपल्या जामसर परिसरात, जव्हार-मोखाड्यात, भात-नागलीची शेती पावसावर. कापणी आटोपली की घरेच्या घरे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर निघतात. एकाच इमारतीवर, एकाच उन्हात बिगारीही राबतो आणि गवंडीही. पण दोघांच्या मजुरीत मोठी तफावत असते. ती तफावत भरून काढण्यासाठी शासनाचा पैसा आहे. तो पदरात कसा पाडावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पहिला धडा जुना आहे. १९७९ साली ग्रामीण तरुणांसाठी ‘ट्रायसेम’ योजना आली आणि १९९९ मध्ये ती स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन झाली. शिकलेल्यांपैकी अनेकांनी तो धंदा केलाच नाही. प्रमाणपत्र हाती आले, पण हत्यारे, कर्ज आणि गिऱ्हाईक यांची जोड मिळाली नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच विचारावे : शिकल्यावर काम कोठे मिळेल? गावात मोटारसायकली किती, शिलाई कोण करते, घराचे वायरिंग करायला माणूस कोठून येतो?

आज मार्ग अनेक आहेत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँकांकडून चालविल्या जातात. तेथे शिक्षण, राहणे व जेवण मोफत असते. शेळीपालन दहा दिवसांत, तर शिलाई किंवा दुचाकी दुरुस्ती सुमारे महिन्याभरात शिकता येते. शिवाय पुढे सुमारे दोन वर्षे पाठपुरावा होतो. जे आधीपासून गवंडी, सुतार, शिंपी किंवा टोपल्या विणणारे आहेत, त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि प्रथम एक लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी सोय आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि बार्टी, तर आदिवासी बांधवांसाठी जव्हारचे प्रकल्प कार्यालय, येथेही चौकशी करावी.

दुसरा धडा वेळेचा. भट्टीमालकाची उचल एकदा घेतली की तरुण बांधला जातो. दिवाळीनंतर वर्ग भरला तर गावात शिकायला कोण उरणार? लावणी संपल्यावर आणि कापणी सुरू होण्यापूर्वी महिन्याभराची उसंत मिळते. अभ्यासक्रम त्याच काळात घ्यावा, अशी मागणी ग्रामसभेने ठराव करून करावी.

तिसरा धडा कागदांचा. बँकेत काम करताना आम्हांला हे नेहमी दिसते. जातीचा व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. निवड झाल्यावर धावपळ करू नये. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. तो हक्क दाखल्याअभावी वाया जाऊ देऊ नये. खाते आधारशी जोडलेले असावे. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय ठरते, आणि मग विद्यावेतन अडकते. अर्ज भरून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

शेवटी कमाईचा प्रश्न. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग सांगितले : एक उपभोगासाठी, दोन धंद्यासाठी, एक संकटकाळासाठी. शिलाई यंत्र घेतलेल्या बहिणीने पहिल्या महिन्यापासून हा हिशेब वहीत मांडावा. कर्जाचा हप्ता धंद्याच्या दोन भागांतून आधी बाजूला काढावा. हप्ते वेळेवर फेडले की पुढचे कर्ज मागताना तोंड वर करून बोलता येते.

अनुदान हे दान नव्हे, तो आपला हक्क आहे. पण हक्काचे रूपांतर भाकरीत करण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. प्रत्येक शिकलेल्या घराने गावातील एका तरुणाचा अर्ज भरून द्यावा आणि त्याला पहिले गिऱ्हाईक मिळेपर्यंत साथ द्यावी, एवढीच आमची विनंती.

जयभीम!