आधी कॅप, मग विद्यापीठ

बारावीचे पेपर संपायच्या आतच फोन सुरू होतात. पलीकडून गोड आवाज येतो, ‘‘मॅडम, कॉम्प्युटरच्या शेवटच्या काही सीट्स राहिल्यात. आत्ता ब्लॉक केली तर स्कॉलरशिप मिळेल.’’ आम्ही साताऱ्याचे. 2024च्या एप्रिलमध्ये असाच फोन आला आणि लेकीसाठी पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात सीट घेतली. विद्यापीठ नावाला पुण्याचं, प्रत्यक्षात शहराच्या बरंच बाहेर. लॅब चकाचक होत्या, ते खोटं नाही.

जुलैत शासनाचा निर्णय आला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ. घरात पेढे आले. कागदपत्रं घेऊन आम्ही विद्यापीठाच्या ऑफिसात गेलो, तर खिडकीमागच्या बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नाही. ‘‘ताई, हे खासगी विद्यापीठ आहे. ती सवलत कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांना.’’ माफी शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेला, म्हणजे कॅपला, बांधलेली आहे. खासगी विद्यापीठं आणि अभिमत विद्यापीठं तीतून वगळलेली आहेत. कॉलेजातली मॅनेजमेंट कोट्याची सीटही त्यात बसत नाही. मुलांना ट्यूशन फीची अर्धी रक्कम देणाऱ्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचंही तसंच.

आणि ती फोनवरची स्कॉलरशिप? पत्राच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात अट होती, दरवर्षी सीजीपीए साडेआठच्या वर हवा. पहिल्या वर्षी गणिताने दगा दिला, सवलत गेली. फी मात्र दरवर्षी वाढत राहिली.

कॅपमधून गेलो असतो, तर पर्याय जवळच होते. माझा भाऊ सांगलीत विश्रामबागला राहतो. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज त्याच्या घरापासून चालत जाण्यासारखं. धोंडूमामा साठ्यांनी 1947मध्ये काढलेलं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज ते हेच. वालचंद नाव पुढे 1955मध्ये लागलं. तिथे सीट मिळणं सोपं नाही, हे मान्य. पण कराडचं सरकारी कॉलेज 1960पासून आहे, इस्लामपूरजवळ साखराळ्याचं आरआयटी 1983पासून. मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. लेकीच्या पर्सेंटाइलला आपल्याच भागात एखादी ब्रँच मिळण्यासारखी होती.

म्हणून कोणी विचारायला आलं, की मी आधी एकच विचारते: प्रवेश कोण देतंय? कॅप चालवणारा शासनाचा सीईटी सेल देत असेल तर फीमाफी आणि शिष्यवृत्तीचं दार उघडं आहे. विद्यापीठ स्वतःच्या परीक्षेवर देत असेल तर चार वर्षांची पूर्ण फी, होस्टेल, मेस असं कागदावर मांडायचं आणि तो आकडा घरात झेपतो का ते बघायचं. झेपत असेल तर जरूर जा. आमच्या शेजारचा मुलगा अशाच ठिकाणाहून चांगल्या नोकरीला लागलाय. पण पॅकेजच्या जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा एकट्या पोराचा असतो. तुमच्या ब्रँचमधल्या मधल्या मुलाला किती मिळाले, ते विचारा. दर्जा तपासणाऱ्या एनबीएची मान्यताही कॉलेजला नसते, एकेका अभ्यासक्रमाला असते. तुमच्या ब्रँचला आहे का, तेवढं बघा. आणि ब्रोशर देणाऱ्याला नाही, मेसमध्ये जेवणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा.

खासगी ठिकाणी सीट घेतली तरी कॅपचा फॉर्म सोडू नये. मूळ टीसी आणि मार्कलिस्ट ठेवून घ्यायचा कोणत्याही संस्थेला अधिकार नाही. पडताळणी झाली की परत मागायची. कॅपचा पर्यायक्रम मात्र घाईत भरू नका. 2025पासून चार फेऱ्या झाल्यात आणि पहिल्याच फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय लागला तर तीच सीट पक्की, पुढच्या फेरीत बसता येत नाही. ‘बघू, लागतंय का’ म्हणून कोणतंही कॉलेज वर टाकलंत तर तिथेच जावं लागेल.

मुलाला इंजिनिअरिंगच हवंय का, हेही एकदा विचारा. गणित-फिजिक्समध्येच रमणाऱ्या पोराला पुण्याचं आयसर आहे, आणि साताऱ्यात आता रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे. आमच्याकडे बीएस्सी म्हटलं की नातेवाइकांचे चेहरे पडतात, ते वेगळं.

यंदा भाची बारावीला आहे. भावाने तिच्या जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाकला होता, ते बरं झालं; ऐन जुलैत समितीच्या दारात ही गर्दी असते. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारं लागतं, म्हणून ते एप्रिलमध्ये नव्याने काढायचं ठरलंय. फोन त्यांच्याकडेही यायला लागलेत. भाऊ सरळ विचारतो, ‘‘तुमचा कॅपमधला कॉलेज कोड काय?’’ बरेचसे तिथेच फोन ठेवतात.