कठीण जमीन आणि छोटा ट्रॅक्टर

जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांतील जमीन एकसारखी नाही. पश्चिमेला नाणेघाट, भीमाशंकरच्या बाजूस डोंगरउतारावर भाताची खाचरे आणि वरकस जमीन आहे. तेथे वीतभर माती संपली की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा खडक. कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठी काळी जमीन आहे. ती पावसात चिकट, तर उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. पूर्वेला आळे, बेल्हे, लोणी-धामणी या भागांत हलकी, माळरानाची जमीन अधिक. अशा जमिनीत छोट्या ट्रॅक्टरने कठीण खोदकाम कसे करावे आणि ते करताना ट्रॅक्टर कसा सांभाळावा, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

हा विषय आपल्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. जमीन किती एकर आहे एवढ्यावरून शेती परवडते की नाही हे ठरत नाही. त्या जमिनीच्या प्रमाणात भांडवल व अवजारे आहेत का, हे पाहिले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. एक-दोन एकरवाल्याला मोठा ट्रॅक्टर परवडत नाही आणि बैलजोडी वर्षभर पोसणेही जड जाते. पुढे 2012 साली राज्य शासनाच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टर व त्याची उपसाधने देण्याची योजना नव्या स्वरूपात आणली. तीत 9 ते 18 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर यांसाठी साडेतीन लाख रुपयांची मर्यादा होती. त्यांपैकी 10 टक्के रक्कम गटाने भरावयाची आणि उरलेली शासनाने द्यावयाची, अशी रचना होती.

दहा जणांच्या गटाला मिळालेला ट्रॅक्टर एका दुपारी मुरमात अडकून गिअरबॉक्स फुटला, तर नुकसान एकाचे होत नाही. दहा घरांची पेरणी लांबते. वर ‘फुकटचे टिकत नाही’ हा टोमणा ऐकावा लागतो तो वेगळाच. म्हणून यंत्र मिळवण्याइतकेच ते राखणेही शिकले पाहिजे.

ताकद आणि ओढ

ताकद म्हणजेच ओढ, असा पुष्कळांचा समज असतो. थोडे गणित करून पाहू. नांगराचा तास 20 सेंटिमीटर रुंद व 15 सेंटिमीटर खोल धरला, तर कापल्या जाणाऱ्या मातीचा छेद 300 चौरस सेंटिमीटर झाला. मध्यम, ओलसर जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो ओढ लागते असे धरू; म्हणजे 150 किलो. हीच जमीन वाळून कठीण झाली आणि ओढ दुप्पट लागली, तर 300 किलो. आता हौसेने खोली 25 सेंटिमीटर केली, तर छेद 500 चौरस सेंटिमीटर आणि ओढ 500 किलो!

छोट्या ट्रॅक्टरचे वजन साधारण सातशे-आठशे किलो असते. शेतात तो आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे सुमारे 400 किलो ओढू शकतो. त्यापुढे चाके जागीच फिरतात. इंजिनात ताकद नसते म्हणून हे होते असे नाही. ताशी 3 किलोमीटर वेगाने 300 किलो ओढायला जेमतेम साडेतीन अश्वशक्ती पुरते. कमी पडते ती चाकांची जमिनीवरची पकड.

येथेच खरा घात होतो. पकड सुटली की चालक ट्रॅक्टर थोडा मागे घेतो आणि वेगात पुढे नेऊन हिसका देतो. सावकाश ओढताना 400 किलोपुढे न जाणारा भार त्या एका हिसक्यात कितीतरी पटीने वाढतो. ट्रॅक्टर बहुधा ओझ्याने मोडत नाही, हिसक्याने मोडतो. दुसरी चूक म्हणजे चाक घसरू नये म्हणून मागे दगड किंवा माणसे बसवणे. चाकाचे थोडे घसरणे ही एक प्रकारे सुरक्षेची झडप आहे. ती बेताल वजनाने बंद केली की सारा ताण गिअर आणि धुरा यांवर जातो. वजन वाढवायचेच असेल तर कंपनीने सांगितले तेवढेच वाढवावे.

घसरण मोजण्याची सोपी रीत विद्यार्थ्यांनीही करून पाहावी. मागच्या चाकावर खडूने खूण करावी. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा व ते अंतर आखून घ्यावे. मग अवजार जमिनीत घालून तेवढेच अंतर काटावे. फेरे साडेअकरापर्यंत झाले तर काम योग्य आहे. बाराच्या पुढे गेले तर खोली कमी करावी.

जमिनीची तयारी

कठीण जमिनीला ट्रॅक्टर लावण्यापूर्वी तिला वाफसा आहे का ते पाहावे. मूठभर माती दाबून सोडल्यावर ढेकूळ हलक्या धक्क्याने फुटले, तर वाफसा आहे. माती हाताला चिकटली तर जमीन ओली आहे. अशा वेळी चाकाखाली ती दाबली जाऊन पुढच्या वर्षी आणखी कठीण होते. ढेकूळ फुटतच नसेल, तर पाणी देऊन दोन-चार दिवस थांबावे किंवा पहिल्या पावसानंतर नांगरट करावी.

दगड आधी पहारीने, टिकावाने काढावेत. आपल्या पश्चिम भागातील आदिवासी बांधव ‘पडकई’ करीत. सर्वांनी मिळून, एकमेकांच्या रानात राबून, डोंगरउतारावर भातखाचरे तयार करण्याची ही रीत. गटाने तीच रीत धरून यंत्र लावण्याआधी एक दिवस दगड वेचले, तर फणही वाचतात आणि डिझेलही.

खोदताना

1) एकदम खोल जाऊ नये. 25 सेंटिमीटर हवे असेल तर दोन वेळा 12-13 सेंटिमीटर घ्यावे. दुसरी पाळी आडवी घालावी. कल्टिव्हेटरचे पाच फण ओढत नसतील तर कडेचे दोन काढून तीनच ठेवावेत.

2) सर्वांत खालचा गिअर घ्यावा. इंजिन दबू लागले, काळा धूर आला, की अवजार थोडे वर उचलावे. क्लच अर्धा दाबून काम रेटू नये. त्याने क्लच प्लेट जळते.

3) वळण्यापूर्वी आणि मागे येण्यापूर्वी अवजार पूर्ण उचलावे. फण मातीत असताना वळल्यास खालच्या दांड्या वाकतात. डिफरन्शियल लॉक सरळ चालतानाच लावावा व वळण्याआधी सोडावा.

4) रोटाव्हेटर हे भुसभुशीत करण्याचे अवजार आहे, फोडण्याचे नव्हे. दगडगोट्यांत ते लावू नये. पीटीओच्या दांड्यावर शिअर बोल्ट असेल तर तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. अडथळा आला की तो तुटावा आणि महागडा गिअर वाचावा, ही त्यामागची योजना. वारंवार तुटतो म्हणून तेथे कडक बोल्ट किंवा सळईचा तुकडा घालणे म्हणजे काही रुपयांसाठी हजारोंचे नुकसान ओढवून घेणे होय.

5) खांबासाठी वा रोपांसाठी ऑगरने खड्डे घेताना वीतभर खाली जावे, वर उचलून माती झाडावी, पुन्हा खाली जावे. मुरमात ऑगर रुतला तर इंजिन बंद करून मोठ्या पान्याने हाताने उलटा फिरवावा.

6) बहुतेक ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांची घरे एकमेकांना बोल्टने जोडून त्याचा कणा बनतो. म्हणून स्वतंत्र लोखंडी सांगाड्याचा आधार नसलेली खोदाईची बकेट मागे लावल्यास घरालाच तडा जाऊ शकतो. आंब्यासाठी मीटरभर खोल खड्डे, विहिरीचा गाळ, खडकाचा थर ही कामे भाड्याच्या जेसीबीची किंवा माणसाच्या हातांची आहेत.

जिवाची काळजी

अडकलेला दगड किंवा झाडाचा बुंधा साखळीने ओढायचा असेल तर साखळी खालच्या ओढदांडीलाच बांधावी. धुऱ्याला किंवा वरच्या दांडीला बांधली आणि दगड हलला नाही, तर ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून पुढून उचलला जातो आणि चालकावर उलटतो. सावरायला वेळच मिळत नाही. फिरत्या दांड्याजवळ धोतर, साडीचा पदर, मफलर जाऊ देऊ नये. पात्यांत अडकलेली मुळे इंजिन बंद करूनच काढावीत.

उतारावर आडवे चालवणे टाळावे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर अतिवृष्टीत डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्या दुर्घटनेच्या कारणांची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु डोंगरउतार कोरण्यापूर्वी पावसाच्या पाण्याची वाट कोणती, हे पाहण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी.

नोंदवही

खोदकामात धूळ फार उडते. रोज काम संपल्यावर रेडिएटरची जाळी व एअर फिल्टर पाहावा, ग्रीस भरावे, सैल झालेले बोल्ट आवळावेत. ऑईल पुस्तिकेत दिलेल्या तासांप्रमाणे बदलावे.

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. आमचा विश्वास नोंदीवर. प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. तारीख, चालकाचे नाव, कोणाचे रान, जमिनीचा प्रकार, किती तास, किती डिझेल आणि काय मोडले, एवढे रकाने पुरेत. दर तासामागे ठरावीक रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढून गटाच्या खात्यात भरावी. ट्रॅक्टर बिघडला की ‘तू मोडलास, मी नाही’ अशी भांडणे होतात आणि चांगले गट फुटतात. वही असेल तर दोष माणसावर न जाता कारणावर जातो. नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आपल्या मातीची माहिती घ्यावी व तीही या वहीत उतरवावी.

जुन्नरच्या परिसरात लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी येथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तो खडक छिन्नीने, थोडा थोडा करून कोरला गेला. आपल्या हाती आज इंजिन आहे, पण कठीण जमिनीशी वागण्याची रीत तीच आहे. गटातील तरुणांनी ही रीत शिकून घ्यावी आणि गटाचा ट्रॅक्टर पुढच्या पिढीच्या पेरणीलाही उपयोगी पडेल असा राखावा, ही अपेक्षा.