व्हिडिओ पाठवण्याआधी लहान कसा करावा – अभ्यासपाठ



उत्सवाचे दिवस आले की आपल्या कुटुंब-गटांत व्हिडिओंचा पूर येतो. इंदूरहून काकड आरती, बडोद्याहून पालखी, बेळगावहून मुलांचे श्लोकपठण. पाठवणाऱ्याला वाटतं, सगळ्यांनी बघितलं. पण गोव्यातल्या एखाद्या वाडीवर, जिथे रेंज खिडकीपाशीच येते, तिथल्या आजींच्या फोनवर तो गोल नुसता फिरत राहतो. आणि फोन भरलेला असला तर पुढचे काहीच उतरत नाही, मग त्यात नातवाचा फोटोही अडकतो आणि डॉक्टरांच्या रिपोर्टची पीडीएफही. म्हणून आजचा पाठ या विषयावर घेत आहोत.

आधी व्हिडिओ एवढा मोठा का होतो, ते बघू. चलचित्र म्हणजे सेकंदाला साधारण 30 स्थिर चित्रे. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20 लाख 73 हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे 3 बाइट धरले तर एका चित्राचे 6 एमबी आणि एका सेकंदाचे जवळपास 187 एमबी होतात! प्रत्यक्षात आयफोनची सेटिंग्ज उघडून बघा, तिथे फुल एचडीच्या पूर्ण मिनिटाला सुमारे 60 एमबी असे लिहिलेले दिसेल. याचा अर्थ चित्रीकरण होत असतानाच फोन त्याला शंभर पटींहून जास्त दाबत असतो. आपण पाठवताना जे करतो ते दाबलेल्याला पुन्हा दाबणे. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

हे दाबणं दोन युक्त्यांवर चालतं. पहिली युक्ती एका चित्राच्या आतली. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातला जो बारीक तपशील डोळ्याला फारसा जाणवत नाही तो सोडून द्यायचा. यामागचे गणित बेंगळुरूत जन्मलेल्या आणि तिथेच अभियांत्रिकी शिकलेल्या नासिर अहमद यांनी 1972 मध्ये मांडले. अमेरिकेतल्या विज्ञान प्रतिष्ठानाने त्यांच्या प्रस्तावाला पैसे दिले नाहीत. कल्पना फारच साधी वाटली म्हणे. त्यांनी काम चालू ठेवले आणि नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 मध्ये शोधनिबंध छापला. आज गटात येणारा जवळजवळ प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ त्या कुळातल्या गणितातून जातो. बेळगावच्या मंडळींनी मुलांना हे जरूर सांगावं, आपल्याच राज्यातला माणूस आहे.

दुसरी युक्ती चित्रा-चित्रांमधली. एक चित्र पूर्ण ठेवायचे, आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच लिहायचे. घरखर्चाच्या वहीत आपण रोज पूर्ण सामानाची यादी लिहितो का? आज काय नवीन आणलं तेवढंच लिहितो. तसंच. आता बघा, प्रवचनकार एका जागी बसलेले आहेत, मागे भिंत आहे, तर बदलतात ते ओठ आणि हात. असा व्हिडिओ अगदी कमी जागेत मावतो. उलट पालखीवर फुलांची उधळण चालू आहे, किंवा बडोद्याच्या गरब्यात शंभर जणी फिरताहेत, तर प्रत्येक चित्रात सगळंच बदलतं. तेवढ्याच एमबीत हा व्हिडिओ दाबला की चौकोनी ठिपके दिसायला लागतात आणि चेहरे पुसल्यासारखे होतात.

यातून एक गोष्ट निघते जी कोणतंही ॲप सांगत नाही: व्हिडिओ लहान करण्याचं अर्धं काम चित्रीकरण करतानाच होतं. हात हलला की भिंतसुद्धा 'बदलते'. फोन खांबाला टेकवा, खुर्चीच्या पाठीवर ठेवा. सारखे झूम आत-बाहेर करू नका. आणि अंधार टाळा. समईच्या उजेडात आरती सुंदर दिसते खरी, पण कमी उजेडात फोन चित्रात बारीक खरखर आणतो, ती खरखर प्रत्येक चित्रात वेगळी असते, आणि दाबणाऱ्या यंत्राला वाटतं हाच महत्त्वाचा तपशील आहे! एमबी त्यातच खर्च होतात. एक ट्यूबलाइट चालू ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. तसेच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 4के 60 असेल तर काढून टाका. आयफोनवर त्याला मिनिटाला 400 एमबी लागतात, म्हणजे 5 मिनिटांत 2 जीबी. फुल एचडी 30 घरगुती कार्यक्रमाला भरपूर झालं.

आता पाठवण्याकडे येऊ. पहिलं काम कात्री. व्हॉट्सॲपमध्ये व्हिडिओ निवडला की वर चित्रांची एक पट्टी येते. तिची दोन्ही टोके सरकवून सुरुवातीची 'चालू झालं का रे?' आणि शेवटची जमीन कापता येते. 7 मिनिटांतली 3 कामाची असतात असा आमचा अनुभव आहे. कापण्याने दर्जा कमी न करता वजन कमी होतं, म्हणून हे नेहमी आधी करायचं.

दुसरं, चित्राचा आकार. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ स्वतःच लहान करतं, आणि हे काम कंपनीच्या यंत्रावर नाही, आपल्या फोनवर होतं. संदेश फोनमधून बाहेर पडतानाच कुलूपबंद होतो, त्यामुळे मधल्या कोणाला तो उघडून दाबता येत नाही. जुन्या फोनवर 'पाठवत आहे' बराच वेळ दिसतं ते त्यामुळेही. 2023 पासून 'एचडी'चं बटण आलं आहे. ते दाबलं तर चित्र जास्त स्वच्छ जातं, पण वजनही वाढतं. चेहरे दूर आहेत, समूह मोठा आहे, तर एचडी घ्यावं. एकटा माणूस बोलत असेल तर साधं पुरतं. ग्रंथाचं पान दाखवायचं असेल तर व्हिडिओच नको, फोटो काढा.

तिसरं गणित. वजन म्हणजे दर सेकंदाचा दर गुणिले वेळ, एवढं एकच सूत्र आहे. समजा 3 मिनिटांचा व्हिडिओ 16 एमबीत बसवायचा. 16 ला 8 ने गुणून 128 मेगाबिट, भागिले 180 सेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण 0.7 मेगाबिट. बसून गायलेल्या भजनाला एवढ्यात 480 चं चित्र बरं येतं. तेच 16 एमबीत 20 मिनिटं कोंबाल तर दर 0.1 वर येतो आणि मग कोण गातंय हेही ओळखू येणार नाही. अशा वेळी चित्राचा हट्ट सोडून नुसता आवाज पाठवावा. 128 किलोबिटचा चांगला आवाज मिनिटाला 1 एमबीपेक्षा थोडा कमीच घेतो. 40 मिनिटांचं प्रवचन 38-39 एमबीत येतं. हैदराबादच्या ज्येष्ठ मंडळींना स्वयंपाक करता करता, चालता चालता ऐकायचं असतं, त्यांना हेच बरं पडतं.

घरात संगणक असेल तर 'हँडब्रेक' हे मोफत साधन उत्तम. त्यात 'फास्ट 720पी30' ही तयार मांडणी निवडली की झालं. एच.264 आणि एमपी4 हेच ठेवा. एच.265 कमी जागेत तेवढाच दर्जा देतं हे खरं, पण जुन्या फोनवर कधी कधी नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. तरुण मंडळी एच.265 चा आग्रह धरतात, तरी गटासाठी आम्ही 264 च सांगतो.

'ऑनलाइन लहान करून देतो' म्हणणाऱ्या संकेतस्थळांवर घरातल्या मुलांचे, स्त्रियांचे व्हिडिओ चढवू नयेत. ते कोणाच्या यंत्रावर जातात आणि तिथे किती दिवस राहतात, हे आपल्याला दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आता. लहान करायची ती प्रत, मूळ नव्हे. एका कुटुंबात आजीने म्हटलेल्या जुन्या ओव्या मोबाइलवर टिपल्या होत्या. गटात टाकल्या, सगळ्यांनी वाहवा केली, आणि जागा करायला म्हणून मूळ फाइल पुसली गेली. पुढे आजी गेल्या. वर्षश्राद्धाला मोठ्या पडद्यावर लावायचं ठरलं तेव्हा हातात राहिली होती ती गटातली प्रत, चेहऱ्याच्या जागी चौकोन आणि मागे पंख्याची घरघर. दाबताना जे सोडून दिलं जातं ते कोणत्याही साधनाने परत येत नाही. नवीन ॲप्स चित्र 'सुधारतात' म्हणजे अंदाजाने भरतात; तो चेहरा आजींचा राहत नाही.

म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर ठेवा, आणि शक्य तर दुसरी प्रत दुसऱ्या घरी. मूळच कोणाला पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपमध्ये 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. 2 जीबीपर्यंत काहीही न दाबता जसंच्या तसं जातं. मात्र हे एकाच माणसाला, गटात नको. 150 जणांच्या गटात 60 एमबीची फाइल सगळ्यांनी उतरवली तर सगळ्यांच्या फोनमध्ये मिळून 9 जीबी जागा जाते. पूर्ण कार्यक्रम सगळ्यांना दाखवायचा तर यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवून दुवा द्यावा. ज्याला दुवा मिळाला तो बघतो, शोधून सापडत नाही. पण दुवा पुढे गेला तर पुढचाही बघेल, तेव्हा घरगुती गोष्टींना ते नको.

आणखी एक. गटात आलेला व्हिडिओ दुसऱ्या गटात द्यायचा तर सरळ 'फॉरवर्ड' करा. गॅलरीत उतरवून नव्याने जोडला की फोन तो पुन्हा दाबतो. चार गट फिरून आलेला व्हिडिओ अंधुक दिसतो तो याच कारणाने.

ज्यांचा व्हिडिओ अजून अडकतो आहे त्यांनी फोनचे नाव, व्हिडिओची मिनिटे आणि एमबी एवढे तीनच तपशील आपल्या गटप्रमुखांकडे लिहून द्यावेत. व्हिडिओ पाठवू नये. पुढच्या पाठात आजींच्या फोनमधलं आपोआप उतरणं बंद कसं करायचं ते घेऊ. तोवर 'स्टोरेज अँड डेटा' ही जागा सेटिंग्जमध्ये शोधून ठेवावी.