भिगवणला पक्षी पाहायला जाताय? आधी हिशेब मांडा

थंडी पडली की पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींना भिगवणचे वेध लागतात. पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर, भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरलेले असतात. त्यांच्या जोडीला चित्रबलाक, चक्रवाक, शेकाटे, कुरव आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब. पण बरेच नवखे लोक तिथे जाण्याआधी कॅमेऱ्याच्या दुकानात जातात आणि पक्षी दिसायच्या आत लाखभर रुपये घालवून बसतात. हा क्रम उलटा करा: आधी फेरी, मग दुर्बीण, कॅमेरा सगळ्यात शेवटी. पुढचे आकडे अंदाजे आहेत. निघण्याआधी फोन करून चालू दर विचारून घ्या.

कधी जावं?

हंगाम ढोबळमानाने डिसेंबर ते मार्च. मात्र रोहितला गुडघाभर पाणी आणि चिखल लागतो. मान खाली घालून, चोच चक्क उलटी धरून तो चिखलपाणी गाळतो आणि त्यातलं खाणं टिपतो. पाऊस भरपूर झाला असेल आणि उजनी काठोकाठ भरली असेल, तर उथळ जागा उघड्या पडायला उशीर होतो आणि रोहितही उशिरा येतात. म्हणून नावाड्याला फोन करून ‘पाणी किती उतरलंय?’ हे आधी विचारा. या एका फोनने अख्ख्या सहलीचे पैसे वाचू शकतात.

चौघांचा एका दिवसाचा खर्च (पुण्याहून स्वतःच्या गाडीने)

- पेट्रोल व टोल: रु. १,८०० ते २,०००
- बोट: रु. १,२०० ते १,५००
- चार जेवणं: रु. १,२००
- चहा-नाश्ता: रु. ४००
- एकूण: रु. ४,६०० ते ५,१००, म्हणजे माणशी बाराशेच्या आसपास

एसटीने भिगवणपर्यंत माणशी दीड-दोनशे रुपये पुरतात, रेल्वेचं साधं तिकीट त्याहून स्वस्त. पण खरी मजा सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत असते आणि त्या वेळेला पुण्याहून एसटीने पोचणं अवघड. अशा वेळी आदल्या संध्याकाळी जाऊन कुंभारगाव किंवा डिकसळ परिसरात घरगुती मुक्काम करावा. जेवणासह माणशी दीड ते अडीच हजार धरून चला. जेवणात उजनीच्या चिलापीचं कालवण मिळतं. शाकाहारी असाल तर तसं आधी सांगा.

बोट ठरवताना

दर माणशी की बोटीचा, किती वेळाचा आणि बोटीत किती जण बसणार, हे चढण्याआधीच पक्कं करा. फोटो काढायचे असतील तर चौघांपेक्षा जास्त नकोत. लाइफ जॅकेट मागून घ्या. चांगला नावाडी थव्यापासून लांबच इंजिन बंद करतो आणि बांबूने बोट हळूहळू पुढे सरकवतो. ‘थवा उडवून देतो, भारी फोटो मिळेल’ असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. खाणं सोडून उडावं लागलं की पक्ष्याची ताकद फुकट जाते, आणि रोज चार बोटींनी हेच केलं तर थवा ती जागाच सोडतो.

दुर्बीण

८×४२ अशी खूण असलेली दुर्बीण घ्या. पक्षी आठपट जवळ दिसतो आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून पहाटेच्या मंद उजेडातही स्पष्ट दिसतो. सहा ते दहा हजारांत चांगली मिळते. रस्त्यावर विकत असलेल्या ‘शंभरपट’वाल्या दुर्बिणीकडे ढुंकूनही पाहू नका, तेवढी पट हातात स्थिर राहत नाही.

कॅमेरा

पहिल्या फेरीला मोबाइल पुरे. दुसऱ्या फेरीला ओळखीच्या कुणाची कॅमेरा बॉडी आणि भाड्याची १५०-६०० मिमीची लेन्स घ्या. मोठ्या शहरांत दिवसाला हजार-दीड हजार रुपये भाडं पडतं, अनामत आणि ओळखपत्र वेगळं. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२००० च्या आसपास ठेवा आणि सूर्य पाठीशी राहील अशी बोट लावायला सांगा. दोन-तीन हंगामांनंतरही हौस टिकली, तरच स्वतःचा संच घ्या. बॉडी आणि लेन्स मिळून सव्वा ते दोन लाखांची तयारी हवी. जुनी लेन्स घेणार असाल तर भिंगावर बुरशीचे धागे आहेत का, ते टॉर्च मारून तपासा.

ओळख आणि कविता

मर्लिन हे ॲप फुकट आहे. आवाजावरूनही पक्षी सुचवतं. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ ग्रंथालयातून आणा. सोबत एखादा कवितासंग्रह असू द्या. ना. धों. महानोरांचा १९६७ साली आलेला ‘रानातल्या कविता’ पाण्याकाठी बसून वाचण्यासारखा आहे. तीस रुपयांची एक वहीही घ्या. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, पक्षी काय करत होता हे लिहा; सुचली तर चार ओळींची कविताही. फोटोत न आलेल्या गोष्टी वहीत राहतात.

थोडक्यात

दुर्बिणीसह पहिल्या वर्षाचा सगळा खर्च पंधरा हजारांच्या आत बसतो, आणि त्यात भिगवणच्या तीन-चार फेऱ्या होतात. पैसा कमी पडत असेल तर दुर्बीण चौघांत मिळून घ्या आणि मुक्काम टाळा. बोटीची सकाळ मात्र टाळू नका.