वाचनालयाला कंपनीचा निधी मिळेल का?

प्रश्न : आमचं मंडळ गावात वाचनालय आणि अभ्यासिका चालवतं. खर्च वर्गणीतून भागतो. ट्रस्ट म्हणून नोंदणी आहे. जवळच्या एमआयडीसीतल्या कंपनीकडे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधी मागावा का?
– एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : जरूर मागा. कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक वाचनालयांचा थेट उल्लेख आहे, आणि कलम 135 कंपनीच्या आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतं. मात्र हे कलम सगळ्याच कंपन्यांना लागू नाही. वर्षाला 5 कोटी नफा, 1000 कोटी उलाढाल किंवा 500 कोटी नक्त मालमत्ता, यांपैकी एक तरी हवं. एमआयडीसीतली छोटी वर्कशॉपं यात बसत नाहीत, तेव्हा आधी तेवढी चौकशी करा.

तुमच्या बाजूने आयकराची 12ए आणि 80जी नोंदणी, सीएसआर-1 क्रमांक आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागेल. अनुभव म्हणजे फोटोंचा अल्बम नव्हे, लेखापरीक्षित हिशेब.

खरी गाठ वेगळीच असते. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा. अनेक मंडळांच्या उताऱ्यावर वारलेले विश्वस्त अजून ‘कार्यरत’ असतात, कारण बदल अर्ज कोणी भरलेलाच नसतो. तो बदल झाल्यापासून 90 दिवसांत द्यायचा असतो. कंपनीचा माणूस हा उतारा आधी बघतो. (सत्काराची शाल नंतर.)

निधी मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.