पाणी स्वच्छ होतं, मग मासे का मेले? – फिशटँकमधला रसायनशास्त्राचा पाठ

आजचा पाठ माझ्याच एका चुकीतून तयार झालाय, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

आमच्या वर्गात ४० लिटरची काचेची टाकी आहे. त्यात सहा गोल्डफिश होते. एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी टाकी अगदी लख्ख केली. सगळं पाणी काढलं, गोटे उकळत्या पाण्यातून काढले, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला, नवं पाणी भरलं. सोमवारी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मंगळवारी तीन मेले. वर्गातला एकजण म्हणाला, "सर, पाणी तर चकाचक हुतं की! आधी गढूळ हुतं तवा काय झालं नाही."

खरं सांगतो, मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरात आरओच्या फिल्टरसोबत आलेलं टीडीएस मीटर होतं, ते आणून बुडवलं. आकडा नेहमीचाच! तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हे मीटर असेल, म्हणून इथं जरा थांबतो. हे मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. आपल्या शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीची माती तपासतात, तेव्हा विद्युतवाहकता मोजतात ना, तेच तत्त्व. मीटर 'किती' ते सांगतं, 'काय' ते सांगत नाही. टीडीएस ३०० असलेल्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅम अमोनिया मिसळला, तर मीटरवर फारसा फरक दिसणार नाही. माशाला मात्र तेवढा पुरे.

मग मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तो थेंबांचा टेस्ट किट मागवला. अमोनियाची चाचणी बिनअमोनियाच्या पाण्यात पिवळी राहते, अमोनिया वाढेल तशी हिरवी होत जाते. आमची परीक्षानळी हिरवीगार झाली. तक्त्याशी जुळवलं तर आकडा २. सामू ८.

आता हे दोन आकडे एकत्र वाचायचे असतात, आणि पाठाचा गाभा इथंच आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम आयन, तो त्या मानानं निरुपद्रवी. दुसरा मोकळा अमोनिया, तो कल्ल्यांतून आत शिरतो आणि विषारी असतो. कोणतं रूप किती, हे सामू ठरवतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर मोकळा अमोनिया एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. सामू ८ ला तो साधारण ५ टक्के होतो, ९ ला तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. म्हणजे चाचणीत आकडा तोच, पण पाणी अल्कधर्मी असेल तर धोका कितीतरी पट. सामू एकाने वाढतो म्हणजे काय, हे आठवीच्या मुलांना फळ्यावर सांगून पटत नाही. इथं पटलं.

पण अमोनिया आला कुठून? तो रोजच येत होता. मासे तो कल्ल्यांतून सोडतात, उरलेलं खाद्य कुजून तयार होतो. आधी तो खाणारे जीवाणू त्या स्पंजवर आणि गोट्यांवर राहत होते. जीवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो. मी गोटे उकळत्या पाण्यातून काढले आणि क्लोरिनच्या पाण्यात स्पंज धुतला, म्हणजे ते सगळे कामगारच काढून टाकले. वर नव्या पाण्यातला क्लोरिन माशांच्या कल्ल्यांवर बसला. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा असं भारतीय मानक सांगतं. माणसाला तो हवा, माशाला सोसत नाही. मुलांना मी हे सगळं सांगितलं, चूक माझी होती हेही सांगितलं.

उरलेल्या तिघांसाठी काय केलं? उघड्या बादलीत एक दिवस ठेवलेलं पाणी वापरून निम्मं पाणी बदललं. दोन दिवस खाद्य बंद. मग रोज एका गटाकडे चाचणी, आणि आकडा वहीत. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागला, तोवर नायट्राइट चढला. त्या दिवसांत लिटरमागे साधारण १ ग्रॅम साधं मीठ घातलं, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. चौतिसाव्या दिवशी दोन्ही शून्य, आणि नायट्रेट दिसू लागला. आलेख कागदावर एकामागून एक दोन टेकड्या आल्या. नायट्रोजन चक्राची इतकी चांगली आकृती मला पुस्तकात सापडलेली नाही.

माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत असतो. त्याच्या घरी समुद्री टाकी आहे, जिवंत प्रवाळांची. त्यानं व्हिडिओ कॉलवर ती वर्गाला दाखवली. तिथं हिशोब आणखी काटेकोर. लिटरला ३५ ग्रॅम क्षार, सामू ८.१ ते ८.३, कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम. तो सगळ्यांत जास्त वेळा मोजतो ती अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकायचा, रंग निळ्याचा पिवळा झाला की थांबायचं, जितके थेंब तितके जर्मन अंश. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळ आपला सांगाडा याच कार्बोनेटपासून बांधतात, त्यामुळे आकडा रोज घसरतो आणि रोज भरून काढावा लागतो. आमच्या गोड्या पाण्यातही तो हळूहळू घसरतो, कारण अमोनिया खाणारे जीवाणू तो वापरतात. मुलांनी लगेच विचारलं, "मालवणहून प्रवाळ आणूया का सर?" नाही! वन्यजीव संरक्षण कायद्यानं प्रवाळांना संरक्षण आहे, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून आणायचा नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं जाऊन पाहावं.

आणि मग तो प्रश्न आलाच, जो आपल्या तालुक्यातल्या वर्गात येणारच. "तेरवाडच्या बंधाऱ्यावर मासे मरत्यात, ते पण अमोनियानंच काय?" पंचगंगा आपल्याकडून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळते, आणि मेलेल्या माशांचा खच ही मुलं लहानपणापासून बघतात. मी सांगितलं की नदीत बहुतेक वेळा प्राणवायू आधी संपतो. सांडपाणी कुजवताना जीवाणू तो वापरतात, पाणी साचलेलं आणि कोमट असेल तर आणखी लवकर. २५ अंशाला पाणी लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं. तो दोन-तीनवर आला की मासे वर येऊन तोंड उघडतात, पहाटे जास्त. आमच्या टाकीतले मासेही तसेच करत होते, पण कारण वेगळं. लक्षण एक, कारणं दोन. म्हणून मोजल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही, हा नियम मी वर्गात पक्का केलाय. काही पालकांना तो मिळमिळीत वाटला. वाटू दे.

करून बघणार असाल तर थोडं सांगतो. नळीमागे पांढरा कागद धरून दिवसाच्या उजेडात रंग वाचा, ट्यूबलाइटखाली मुलांचे आकडे हटकून चुकतात. नायट्रेटची दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो. काही थेंबांत तीव्र आम्ल असतं, तेव्हा थेंब मोठ्यांनीच टाकावेत आणि तपासलेलं पाणी पुन्हा टाकीत ओतू नये. किट परवडत नसेल तर जास्वंदीच्या फुलाचा अर्क सामूसाठी आणि साबणाचा फेस जड पाण्यासाठी चालतो. अमोनियाला मात्र असा घरगुती उपाय नाही, दोन-तीन शाळांनी मिळून एक किट घ्यावा.

स्पंज आता आम्ही टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो. काल वहीत नोंद होती: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २०, सामू ७.८. खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'तिघं पण बरे हाईत.'